कोहळ्यातला चाकू

चिखलीत घडीचे चाकू जमवणारे चार जण होते, आणि गावाच्या मते ते चारही जास्तच होते. लोक तिकिटं जमवतात, नाणी जमवतात, काही जण तर नुसतेच नातेवाईक जमवतात. त्यांना कोणी काही म्हणत नाही. पण चार प्रौढ, संसारी माणसं दर रविवारी दुपारी ओसरीवर सतरंजी टाकून बसतात, मधे चाकू मांडतात आणि चहा गार होईपर्यंत एकमेकांच्या चाकूंच्या मुठी कुरवाळतात, हे पाहून समोरच्या रुखमाबाईंनी पहिल्याच आठवड्यात आपल्या कोंबड्या डालून ठेवल्या होत्या.

ओसरी रंगरावांची. रंगराव एका जिनिंगमध्ये हेडक्लार्क. माणूस सज्जन, पण अंगात स्वस्थपणा नावाला नाही. बसले की पाय हलणार. पाय धरून ठेवला की बोटं चालू होणार. "यायले निजलेलं पाह्यलं तरी मले दम लागते," असं त्यांच्या पत्नी कौशल्याबाई म्हणत. दुसरे गुलाबराव, शाळामास्तर. पोरांच्या पेन्सिलींना टोकं काढता काढता त्यांना हा नाद लागला. आता घरात चाकू मुबलक होते आणि पेन्सिल सापडत नसे. ते कमी बोलत, पण बोलले की समोरच्याला ते दोन दिवस पुरे. तिसरे शेषराव कंपाउंडर, जगातल्या प्रत्येक दुखण्यावर ग्लिसरीन सुचवणारे. आणि चौथे भगवानराव, वयानं सगळ्यांत मोठे, म्हणून सगळ्यांचे दादा. थोडी शेती, गावात घर, आणि गेल्या साली पत्नी तानाबाई वारल्यापासून त्या घरात एकटे.

त्या रविवारी शेषरावांनी एक नवा विलायती चाकू मिळवून आणला होता. दोन पाती, एक कातर आणि पाठीमागून उघडणारी एक पिळदार सळई. त्या सळईवर चर्चा अडली.

"घोड्याच्या खुरातले गोटे काढाले असते ते," भगवानराव म्हणाले.

"मंग पिळाची काऊन, दादा? गोटा काय फिरवून बसवेल असते?" शेषरावांना ते पटेना. "मले वाटते दाढ उपटाची अशीन."

गुलाबरावांनी सळई उलटसुलट पाहिली. "कायचं तरी झाकण काढाची दिसते. आपल्या इकडं लोक दातानं काढतात, म्हणून वळखू येत नाई."

मग गोष्टी जशा घरंगळतात तशा घरंगळल्या. शेषरावांच्या दवाखान्यात रोगी डॉक्टरांना औषधाचं नाव विचारत आणि गुणाबद्दल आशीर्वादही त्यांनाच देत, पुड्या बांधणाऱ्याकडे कोणी बघत नसे. गुलाबरावांच्या शाळेत नकाशा बदलून आला होता. नवं राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली, तरी पोरं राजधानी विचारली की आधी नागपूरला जात, मग मुंबईला पोचत. रंगराव आपल्या जिनिंगच्या साहेबावर बोलणार, इतक्यात भगवानराव म्हणाले, "पुढच्या ऐतवारी मी नसतो बरं. पोरगा बलावून राह्यला अकोल्याले. दिवस कलतीच्या खामगावच्या गाडीनं निघतो."

"कितीक दिवसासाठी?" शेषरावांनी विचारलं.

"आता कायमचंच. तो म्हणते, एकटे काय करता तिथं." भगवानरावांनी कप खाली ठेवला. "मी म्हणलं, काई नाई करत."

शेषरावांनी सळई मिटवली. अशा वेळी काय बोलावं हे रंगरावांना कधीच कळलं नव्हतं. शब्द सापडेनात की त्यांची बोटं काहीतरी शोधू लागत. ती सतरंजीवरून फिरली आणि भगवानरावांच्या चाकूवर येऊन थांबली. दादांकडे चाकू बरेच होते, पण रविवारी ते हा एकच आणत. सांबरशिंगाची मूठ, पितळेच्या टिकल्या, आणि पातं असं घट्ट बसलेलं की उघडलेलं कोणी पाहिलंच नव्हतं. दादांनीही कधी नख लावलं नव्हतं.

"हा मी तुमाले उघडून देतो," रंगराव म्हणाले. "जाच्या अंधी."

"राहू दे रे."

"राहू दे कायले? अकोल्याच्या लोकायले काय आपण बंद चाकू दाखवाव?"

आणि भगवानराव दुसऱ्यांदा 'राहू दे' म्हणायच्या आत चाकू रंगरावांच्या खिशात गेला.

सोमवारी सकाळी रंगरावांनी पात्याच्या खाचेत अंगठ्याचं नख घातलं. नख उघडलं. शेषरावांनी त्यावर ग्लिसरीनची पट्टी बांधली, आणि आठवडाभर जिनिंगमध्ये हेडक्लार्कांची सही एखाद्या अंगठेबहाद्दरानं हौसेनं शिकल्यासारखी दिसू लागली. साहेबांनी विचारलं, काय झालं? रंगराव म्हणाले, चाकूनं झालं. साहेब म्हणाले, कापलं? रंगराव म्हणाले, नाही, चाकू बंद होता. त्यानंतर साहेबांनी त्यांच्याशी जरा लांबूनच बोलायला सुरुवात केली.

आपल्याकडे लोकांना पैसे मागा, पाणी मागा, ते विचार करतात. सल्ला मात्र कोणीही न मागता देतं. मंगळवारपर्यंत आळीत सगळ्यांना कळलं की रंगरावांकडे एक न उघडणारा चाकू आहे. कोणी म्हणालं रॉकेलमध्ये बुडवा. रंगरावांनी बुडवला, आणि ज्या वाटीत बुडवला त्याच वाटीत दुसऱ्या दिवशी कौशल्याबाईंनी फोडणीचं तेल घेतलं. घरच्या वांग्याच्या भाजीला त्या रात्री कंदिलाची चव होती. कोणी म्हणालं ताकात ठेवा. ताक फाटलं. कोणी म्हणालं एरंडेल घालून उन्हात वाळत घाला. रुखमाबाईंचं मत अगदी वेगळं होतं.

"भाऊ, त्याले कोणी बांधून ठेवेल हाय," त्या अंगणातून ओरडल्या. "लिंबू उतरवा अंधी."

"बाई, हे लोखंड आहे," रंगराव म्हणाले. मान दुखावला की ते पुस्तकी मराठीत शिरत. "लोखंडास दृष्ट लागत नसते."

"मंग तुमच्या अंगठ्याले काय लागलं?"

रंगरावांनी अंगठा खिशात घातला.

शनिवारी गुलाबराव येऊन चाकू पाहून गेले. "रंगराव, एक सांगू का? दादाले तसाच देऊन टाका."

"मास्तर, तुमाले समजत नाई. तो माणूस चालला."

"म्हणूनच म्हणून राह्यलो," गुलाबराव म्हणाले. पण रंगरावांचे कान तोवर अमडापूरला पोचले होते. तिथं उकंडा नावाचा एक लोहार होता, आणि त्याच्या हाताला यश आहे असं जिनिंगच्या हमालांनी सांगितलं होतं.

रविवारी सकाळच्या येस्टीनं रंगराव अमडापूरला गेले. उकंडानं चाकू कानाशी नेऊन हलवला, वास घेतला आणि ऐरणीवर ठेवून हातोडीचा एक टोला दिला. चाकू उडून राखेत पडला. दुसरा टोला दिला, चाकू ढिम्म. उकंडानं घाम पुसला.

"हे विलायती काम हाय, सायेब. म्हणान तं तोडून देतो."

"तोडून?" रंगरावांचा आवाज चिरकला. "अहो, तो माझ्या मित्राचा आहे!"

"मंग तुमी कायले उघडून राह्यले?" उकंडानं अगदी साधेपणानं विचारलं आणि भट्टी विझवून तो पाहुण्याकडे जेवायला निघून गेला.

रंगराव तणतणत स्टँडजवळच्या हॉटेलात आले. आठ दिवस रॉकेल, ताक, एरंडेल, अंगठा आणि अब्रू घालवून चाकू होता तसाच होता, आणि दिवस कलतीला दादा निघणार होते. हॉटेलवाला चहाचं पातेलं ढवळत होता. "काय आणू?" त्यानं विचारलं. रंगरावांनी वैतागून 'काही नको' अशा अर्थाचा हात झटकला. त्या हातात चाकू होता. तो निसटून, वळण घेत, थेट उकळत्या चहात पडला.

हॉटेलवाल्यानं झाऱ्यानं बराच वेळ तळ ढवळला. चाकू निघाला तेव्हा त्यातून वाफा येत होत्या. रंगरावांनी तो रुमालात धरला, डाव्या हाताच्या शाबूत नखानं सवयीनं खाच चाचपली, आणि पातं अलगद, लोण्यातून निघाल्यासारखं बाहेर आलं. शेवटी कुठंतरी 'खट्' वाजलं.

रंगराव उभे राहिले. हॉटेलातल्या यच्चयावत माणसांना त्यांनी चाकू दाखवला. पात्याच्या बुडाशी काहीतरी तांबूस, चिकट लागलेलं होतं. हॉटेलवाल्यानं बोट लावून चाखलं. "गूळ हाय हा," तो म्हणाला. "जुना गूळ. म्हणून तं बसला घट्ट." चहा मात्र त्यानं फेकून दिला नाही. गिऱ्हाईक पाहत असतानाच गाळून दिला, आणि सगळ्यांनी प्याला.

आता मिटवून खिशात टाकावा म्हणून रंगरावांनी पातं दाबलं. मिटेना. जोर लावला. मिटेना. उकंडाच्या टोल्यांनी पातं धरून ठेवणारी आतली कमान सरकली होती आणि त्या 'खट्'बरोबर पात्याच्या बुडाशी अडकून बसली होती. आठवडाभर जो चाकू उघडत नव्हता, तो आता बंद होत नव्हता. रंगराव धावत भट्टीवर गेले. भट्टीला कुलूप.

हातात लखलखता, उघडा चाकू घेतलेला, अंगठ्याला पट्टी बांधलेला, घामाघूम झालेला हेडक्लार्क बाजारातून धावत येतो तेव्हा रस्ता आपोआप मोकळा होतो. त्यांना पाहून दोन दुकानांत फळ्या लावायची घाई झाली. चिखलीची गाडी उभी होती. कंडक्टरनं दारातच हात आडवा लावला.

"उघडं हत्यार नाई चालत गाडीत."

"हत्यार नाही. चाकू आहे."

"मंग मिटवा."

"मिटत नाही."

"हे पहा भाऊ," कंडक्टर समजुतीनं म्हणाला, "पयले आमाले नागपूरचे नियम होते. मंग मुंबईचे आले. आता आणखी नवे निघाले अशीन तं मले कोणी सांगतलं नाई. पण उघडा चाकू कायच्यातच बसत नाई."

रुमालात गुंडाळला तर टोक बाहेर आलं. पिशवीत घातला तर पिशवी फाटली. शेवटी स्टँडवर भाजी घेऊन बसलेल्या शालूबाईंना दया आली. "भाऊ, कोहळं घ्या आन् त्यात खुपसा," त्या म्हणाल्या. "भाजीले कोणी अडवत नाई."

कल्पना खरोखर नामी होती. तिकडं कोहळं म्हणजे तांबडा भोपळा. रंगरावांनी चांगलं गोल निवडलं, चाकू मुठीपर्यंत आत सारला, कोहळं मांडीवर घेतलं आणि खिडकीशी बसले. कंडक्टरनं पाहिलं आणि तिकीट फाडलं. गाडी निघाली. रंगरावांना आठ दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं.

ते बरं वाटणं पुढच्या वळणापर्यंत टिकलं. शेजारी एक म्हातारी बसली होती. तिनं कोहळ्याकडे पाहिलं, मुठीकडे पाहिलं, रंगरावांच्या पट्टीकडे पाहिलं, आणि अंग चोरून विचारलं, "कोणावर सोडून राह्यले, बाबा?"

"काय सोडतो?"

"करणी!"

हा शब्द गाडीत पुढून मागं आणि मागून पुढं असा फिरला की कंडक्टरच्या घंटेचा आवाजसुद्धा कधी तसा फिरला नव्हता. एका बाईनं लेकराचं तोंड पदरानं झाकलं. एकानं 'आज अमावस्या तं नाई?' असं विचारून घबराट वाढवली. रंगराव उभे राहून म्हणाले, "बंधूंनो, हा केवळ भोपळा आहे." पुस्तकी मराठी ऐकून लोकांची खात्रीच झाली, मंत्रतंत्रवाले असंच बोलतात. ड्रायव्हरनं वाटेतल्या एका पोलीस चौकीसमोर गाडी उभी केली. रंगरावांना उतरवलं, कोहळं त्यांनीच उतरवावं असं ठरलं, आणि गाडी धूळ उडवत निघून गेली.

चौकीत एक जमादार एकटेच बसले होते. मिशा भरघोस, डोळे झोपाळू.

"कायचं हाय हे?" त्यांनी विचारलं.

"कोहळ्याचं," रंगराव म्हणाले.

"काढा चाकू."

रंगरावांनी उपसला. जमादार खुर्चीसकट मागं सरकले. "अरे, हे तं हत्यार झालं! घाला आत." रंगरावांनी आत घातला. जमादारांनी पाहिलं. "आता तं हे करणीवानी दिसते. काढा." बाहेर काढला की शस्त्र, आत घातला की जादूटोणा, असं चार-पाच वेळा झालं. पंचनामा करावा तर पंच हवेत. बाहेर जमलेली माणसं कोहळ्याजवळ यायला तयार नव्हती. शेवटच्या वेळी रंगरावांनी चाकू उपसला तेव्हा जमादारांचे डोळे एकाएकी जागे झाले.

"थांबा. मूठ कायची हाय हो ही?"

"सांबरशिंगाची."

"पाहू." त्यांनी चाकू हातात घेतला, उजेडाकडे धरला, टिकल्यांवरून बोट फिरवलं. मग दाराकडे एक नजर टाकून स्वतःच्या खिशातून एक लहानसा, झिजलेला, काळ्या मुठीचा चाकू काढला. "हा आमच्या बाचा. पातं पाहा. अर्धं झिजलं, पण धार पाहा."

रंगरावांनी पाहिली. धार खरोखरच पाहण्यासारखी होती. एरवी असा माणूस भेटला असता तर रंगरावांनी जेवणही सोडलं असतं. पण सूर्य खाली चालला होता, आणि जमादारांना कित्येक वर्षांत ऐकणारा मिळाला नव्हता. ते सहाणेबद्दल बोलले. खोबरेल बरं की मोहरीचं, याबद्दल बोलले. आपल्या बायकोनं एका चांगल्या चाकूनं मडक्याचं बूड कसं खरवडलं ते सांगताना त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. रंगराव उभे राहत, बसत, दाराकडे जात, परत येत.

"जमादारसायेब, मले जाऊ द्या. माहा दोस्त गाव सोडून चालला. चाकू त्याचा हाय."

जमादारांनी आपला चाकू खिशात टाकला. "मंग पयलेच काऊन नाई सांगतलं?" ते म्हणाले, आणि बाहेर जाऊन त्यांनी कापसाचा पहिला आलेला ट्रक हात करून थांबवला. कोहळं त्यांनी स्वतः उचलून दिलं. "मिटला की दाखवाले आणा बरं."

चिखलीच्या स्टँडवर ट्रकमधून रंगराव उतरले तेव्हा त्यांच्या डोक्यावर, मिशांवर, कानांत कापूस होता आणि छातीशी कोहळं. खामगावची गाडी सुरू झाली होती. दाराशी भगवानराव, हातात वळकटी. गुलाबराव आणि शेषराव त्यांची ट्रंक धरून. आणि पायरीवर, नशीब बघा, तोच कंडक्टर. चिखलीला पोचून त्याची गाडी आता खामगावला निघाली होती.

"दादा!" रंगराव ओरडले. "उघडला!"

भगवानरावांनी वळकटी खाली ठेवली. कोहळ्यातून चाकू हळूच बाहेर ओढला आणि पात्याकडे पाहत राहिले. पातं चहानं जरा पिवळं पडलं होतं.

"आत काय होतं?" त्यांनी विचारलं.

"गूळ होता, दादा. त्यानंच धरून ठेवला होता."

"गुऱ्हाळावर तानाबाईनं ढेपेचा तुकडा काढून देल्ता मले," भगवानराव म्हणाले. "लोक आले म्हणून घाईनं चाकू तसाच मिटवला तिनं. पुसाची सवयच नव्हती तिले." ते थोडं हसले. "कितीदा बोललो मी तिले त्याच्यावरून. कुठी गेला मंग तो गूळ?"

रंगरावांनी मान खाली घातली. आपण काय करून बसलो ते त्यांना आत्ता, स्टँडवर, सगळ्यांसमोर कळत होतं. "चहात गेला, दादा. हाटेलात."

"कसा लागला?"

"मी नाई प्यालो. पण बाकी सगळ्यायनं प्याला. कोणी नाव नाई ठेवलं."

भगवानरावांनी पात्याच्या बुडाशी बोट फिरवलं. मग त्यांचे खांदे हलू लागले. शेषरावांना वाटलं रडताहेत. ते ग्लिसरीन म्हणणार होते. पण दादा हसत होते. तानाबाई गेल्यापासून त्यांना असं हसताना कोणी पाहिलं नव्हतं.

"चला, चला," कंडक्टर म्हणाला. मग त्याचं लक्ष कोहळ्याकडे गेलं, आणि तो दोन पायऱ्या वर चढला. "हे नाई हं! हे कोहळं नाई, तो चाकू नाई. दुपारी यानं माही सारी गाडी घाबरली होती."

"चाकू माहा हाय," भगवानराव म्हणाले.

"मिटवा मंग."

भगवानरावांनी पात्यावर बोट ठेवलं. रंगराव श्वास रोखून पाहत होते.

"नाई मिटत," दादा म्हणाले.

"मंग चाकू खाली ठेवा आन् तुमी या."

"चाकू नाई तं मी बी नाई." आणि भगवानरावांनी वळकटी उचलली ती गावाच्या दिशेनं.

कंडक्टरनं घंटा मारली. गाडी गेली. गुलाबराव आणि शेषराव ट्रंक घेऊन मुकाट्यानं मागं चालू लागले. त्या संध्याकाळी कौशल्याबाईंनी कोहळ्याची भाजी केली, त्याच चाकूनं चिरून. रुखमाबाई आधी नको म्हणाल्या, मग वाटीभर घेऊन गेल्या आणि आणखी मागायला परत आल्या.

अकोल्याच्या पोराला निरोप गेला की वडील चाकू दुरुस्त झाला की निघतील. त्यानं दोनदा विचारलं, कमान बसवायला एवढा वेळ कशाला लागतो? गुलाबरावांनी मास्तरी भाषेत कळवलं की काम नाजूक आहे.

पुढच्या रविवारी सतरंजी पडली. चाकू मांडले गेले. सांबरशिंगी चाकू मधे, उघडाच.

"काय दादा, मिटते का?" शेषरावांनी विचारलं.

भगवानरावांनी तो उचलला, पात्यावर बोट टेकल्यासारखं केलं आणि खाली ठेवला. "नाई बा. अजून तरी नाई."

रंगरावांनी पाहिलं होतं. बोट पात्याला लागलंसुद्धा नव्हतं. त्यांची स्वतःची बोटं शिवशिवली, सतरंजीवरून चाकूपर्यंत गेली. तिथून त्यांनी ती वळवून चहाच्या कपाकडे नेली.

"असू द्या, दादा," ते म्हणाले. "घाई कोणाले हाय?"